चौदाव्या डब्यातली बोंडअळी

१

पुण्याच्या प्रयोगशाळेत चौदा नंबरचा डबा उघडला तेव्हा त्यातून बोंडअळी निघाली.

खरीखुरी नव्हे, फिल्मवरची. कपाशीच्या बोंडात शिरलेली गुलाबी अळी आणि तिच्यावर फवारणी कधी करायची हे सांगणारा शेतीखात्याचा जुना माहितीपट. त्या डब्यात असायला हवा होता ‘वीजधर पुन्हा’ या सिनेमाचा शेवट.

मंगळवारी दुपारी यूसरा ही बातमी घेऊन मंगरुळपीरच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत आली, तेव्हा साक्षी कुठल्याशा बोअरच्या पाण्यातलं नायट्रेट मोजत होती. बी.एस्सी.ची तीन वर्षं दोघी एका बाकावर बसल्या होत्या. यूसरा आता शाळेत गणित शिकवायची.

"सतीशभाऊ म्हणून राह्यले, दादानं रीळ विकलं," यूसरा म्हणाली. "मुंबईच्या कोण्या शौकीन माणसाचा फोन आलता ना, त्याले. शुक्रवारपर्यंत रीळ आलं नाही तर ठाण्यात रिपोर्ट देतो म्हणतात. नाव घालून. इब्राहीम ऑपरेटर."

"चाचा काय म्हणतात?"

"काहीच नाही. थेच तर."

वाशिम जिल्ह्यात ‘वीजधर’ कोणाला सांगावा लागत नाही. खांबावर चढलेल्या एका लाइनमनवर वीज पडते आणि ती त्याच्या हातात राहून जाते, अशी ती गोष्ट. पिवळे रबरी हातमोजे घातलेला हा वऱ्हाडी महानायक १९८३ साली आसेगावच्या इंद्रभाननं पडद्यावर आणला. पैसा नानाजींचा, ज्यांची फिरती टॉकीज होती. मशीन चालवणारे इब्राहीमचाचा, यूसराचे आजोबा; ती त्यांना दादा म्हणायची. सिनेमा धो धो चालला. चार वर्षांनी दुसरा भाग आला, पण तो पुरा होता होता नानाजींनी इंद्रभानला काढून टाकलं, त्याचा शेवट कापला आणि त्याजागी एक मारामारी अन् एक लग्न चिकटवलं. का, ते त्यांनी मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. तेव्हापासून अडतीस वर्षं सगळा जिल्हा एकच बोलत आला: खरा शेवट नानाजीनं मारला.

तो खरा शेवट एका डब्यात बंद होऊन चाचांच्या खाटेखालच्या ट्रंकेत होता. जूनमध्ये यूसरानं सहज त्या डब्याचा फोटो मोबाइलवर टाकला आणि पुण्याच्या जुनी फिल्म दुरुस्त करणाऱ्या लोकांचा फोन आला. बाकीचे तेरा डबे नानाजींच्या गोदामातून त्यांच्या मुलानं, सतीशनं, काढून दिले. सगळी फिल्म धुऊन, रंग परत आणून, दिग्दर्शकाच्या मनात होता तसा ‘वीजधर पुन्हा’ डिसेंबरात मानोऱ्याला दाखवायचा होता.

"एक गंमत सांगू का?" यूसरा म्हणाली, तिच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती. "डब्यातले बाहेरचे चार फूट खरे हायेत. चार फूट आपला पिक्चर. मग अळी."

साक्षीनं पिपेट स्टँडला लावली.

"चारच फूट?"

२

चाचांचं घर दर्ग्याच्या मागच्या गल्लीत होतं. ते खिडकीशी खाटेवर बसले होते, मांडीवर बंद रेडिओ.

"साक्षी हाये ना? तुह्या चपलेचा आवाज रिक्षासारखा येते."

"नवीन घेतो आता चाचा. डबे पॅक केले त्या दिवशीचं सांगा. तुमी पायला होता का चौदावा?"

"मी नाही पायन तर कोण पायन? एकेक डबा खोलला. खाच लागली, झाकण लावलं."

"खाच?"

चाचांचा चेहरा जरा उजळला. तंबूच्या केबिनीत अंधार असायचा, त्यांनी सांगितलं. कोणतं रीळ हातात आहे आणि ते कुठं संपतं हे कळायला प्रत्येक ऑपरेटर फिल्मच्या कडेला शेवटाजवळ आपल्या पंचनं खाचा पाडायचा. पहिल्या रिळावर एक, मधल्यांवर दोन, शेवटच्यावर तीन. "अन् माह्या पंचची खाच जराशी तिरपी येते. दुसऱ्या कोणी पाडली तर बोटाले लगेच समजते."

"मग त्या दिवशी चौदाव्यावर तीन तिरप्या खाचा होत्या."

"होत्या. माह्याच होत्या."

पुढचं यूसरानं सांगितलं. चाचांनी झाकण लावलेला डबा तिनं घेतला, टेप मारला, खोक्यात ठेवला. खोकं सतीशच्या गाडीत गेलं. रात्रभर गाडी त्याच्या दारात होती आणि दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः ती पुण्याला नेली. त्याआधी ट्रंक सदा इथंच, खाटेखाली. तिला कुलूप नव्हतंच.

"त्याआधी ट्रंकेजवळ कोण कोण आलं?"

"सतीशभाऊ एकदा आले, व्हिडिओ काढाले. इंद्रभान आबाजी दर रविवारी येतात. दादा दुपारी जोहरच्या नमाजाले जाते तवा ते इथंच लोळतात. बस, बाकी ट्रंकेले कोण हात लावते."

फळीवर पत्रांचा जाड गठ्ठा सुतळीनं बांधलेला होता. साक्षीनं विचारलं तेव्हा चाचा हसले. इंद्रभानची पत्रं. एकाच तालुक्यात राहून महिन्याला एक पत्र टाकायचा बावा, म्हणे फोनवर गोष्ट पुरी होत नाही. साक्षीला दिसलेल्या गोष्टीची नोंद घ्यायची सवय होती. सगळ्यात वरच्या पत्रावरचा शिक्का मार्च २०२३ चा होता. त्यानंतरचं एकही नव्हतं.

ती निघाली तेव्हा चाचांनी हाक मारली.

"बेटा, हे शोधू नोको. शुक्रवारी जे होईन थे होऊ दे."

"तुमाले चोर म्हणतीन, चाचा."

"म्हणू दे."

चोरी न केलेला माणूस असं का म्हणेल, हे कोडं घेऊन साक्षी गल्लीबाहेर आली.

३

सतीशच्या कृषी केंद्रात शिरताच समोर भिंतीवर बोंडअळीचं पोस्टर होतं. साक्षीची नजर तिथं गेली आणि सतीशनं ती पकडली.

"पाय, पाय नीट. बोंडअळीचं औषध विकतो म्हणून मीच चोर, नाही का? चार जणांनी विचारलं सकाळपासून."

"मी कुठं काय म्हणलं, सतीशभाऊ?"

"अशी रिळं तर प्रत्येक टॉकीजमध्ये होती. पिक्चरच्या आधी सरकारी फिल्म दाखवाच लागे. आमच्या गोदामात असन, चाच्याकडं असन, इंद्रभानकडं तर ढीग असन. त्यानं स्वतः खात्यासाठी कॅमेरा चालवला हाये." त्यानं गिऱ्हाइकाला दोन पुड्या बांधून दिल्या आणि खुर्ची पुढं ओढली. "ताई, तू शिकेल हायेस. मले सांग, मी कायले चोरीन? गाडी माही, डिझेल माहं, मानोऱ्याचा हॉल मी बुक केला. कायले? बापानं त्या माणसाचा पिक्चर मारला म्हणून. माह्या लग्नात बी लोकं कुजबुजले, हा थ्या नानाजीचा पोरगा. एकदा थो खरा शेवट लोकायले दिसू दे, मग मी सुटलो."

"मग चाचांवर काहून संशय?"

"वागणं पाय ना म्हाताऱ्याचं. मी व्हिडिओ काढाले गेलो, हात पुढं केला. त्यानं हात हातात घेतला नाही. मी तसाच उभा, हात हवेत. तुमचा बाप असा म्हणून तुमी बी तसेच, असंच ना? मंग पुण्यावाल्यायचा कागद देला. दोन पानं. वाचला नाही, डोयाखाली बी घातला नाही, यूसराले म्हणे बोट कुठं ठेवू, अन् सही ठोकली. ज्याले विकायचंच हाये त्याले कागदाचं काय."

हात आणि कागद, दोन्ही साक्षीनं मनात एकाशेजारी एक ठेवले.

"शुक्रवार," सतीश म्हणाला. "त्याच्यावर एक दिवस नाही. मले बी वाईट वाटते, पण माह्या बापाले कोणी टाइम देला नव्हता."

४

बुधवारी सकाळी साक्षीनं पुण्याला फोन लावला. फिल्मचं काम पाहणारी पल्लवी स्पष्ट बोलणारी निघाली.

"डबा उघडल्याबरोबर ॲसिटोनचा वास आला," ती म्हणाली.

"म्हणजे दोन फिल्म जोडलेला सांधा ताजा होता."

"अगदी. बंद डब्यात वास टिकतो, तरी दोन-तीन आठवड्यांपेक्षा जुना नाही. आजकाल सगळे टेपनं जोडतात. हे जुन्या पद्धतीनं केलंय. वरचा थर खरवडून, फिल्म चिकटवायचं ॲसिटोनवालं सिमेंट लावून. आणि सांधा बरोबर दोन चित्रांच्या मधल्या रेघेवर बसवलाय. एक मिलिमीटर इकडेतिकडे नाही. ज्यानं केलं त्याचा हात तयार आहे आणि नजर चांगली आहे."

"ते खरे चार फूट. त्यांच्यावर चित्र काय आहे?"

"काहीच नाही. नुसती काळी फिल्म. कडेला तीन खाचा आहेत."

फोन ठेवून साक्षीनं वहीचं कोरं पान घेतलं. प्रयोगाचा निकाल चुकला की ती नेहमी एकच प्रश्न विचारायची: ही पायरी कशासाठी होती? चोरानं चार फूट खरी फिल्म मागं ठेवली, कष्टानं जोडली. कशासाठी? चित्र पाहणाऱ्याला फसवायला नव्हे. चार फूट फिल्म उलगडली की अळी दिसलीच असती. ते चार फूट फक्त खाचांसाठी होते. ते डोळ्यांना नाही, बोटांना फसवायला होते.

दुपारी ती यूसराच्या शाळेत गेली. मधली सुट्टी होती, पोरं डबे खात होती.

"यूसरा, चाचांना किती दिसते?"

यूसरानं पोळीचा तुकडा तसाच हातात धरला.

"उजेड समजते," ती म्हणाली. "खिडकी कुठं हाये थे समजते. दोन वर्षं झाले. काचबिंदू. मले शपथ घातली त्यानं. मानोऱ्याच्या शोले पहिलं बटन त्याच्या हातानं दाबायचं ठरलं हाये ना. म्हणते, आंधळा ऑपरेटर म्हणून मले स्टेजवर नेऊ नका."

"अगं, मग तर त्यांनी चोरी केली नाही हे सरळ सिद्ध होते. थो सांधा आंधळ्या माणसाले जमणारच नाही."

"मी सांगतलं त्याले. म्हणे, सांगायचं नाही." यूसराचे डोळे भरून आले. "अन् साक्षी, मग राह्यलं कोण? मलेच माहीत होतं त्याले दिसत नाही थे. दुसऱ्या कोणालेच नाही."

साक्षीनं मान हलवली. "तू नाही. डबा तपासल्यावर तुह्याच हातात होता. तुले अदलाबदल करायची असती तर तू टेप मारायच्या आधी केली असती. खाचा कायले लागल्या असत्या? सतीशभाऊचंही तसंच. रात्रभर डबे त्यायच्या गाडीत. त्यायले चाचांच्या बोटाशी काय घेणं? अन् त्यायले तर चाचा माजोरी वाटतात, दिसत नाही हेच त्यायले माहीत नाही. ज्यानं खाचा सांभाळल्या, त्याले डबा फक्त तपासायच्या आधी भेटला. नंतर नाही. अन् त्याले माहीत होतं की चाचा बोटानं पायतीन."

"म्हणजे कोण?"

"यूसरा, छत्तीस वर्षं महिन्याला पत्र लिवणारा माणूस एका दिवशी पत्र लिवणं काहून बंद करते?"

घंटा झाली, पोरं वर्गाकडं पळाली, तरी यूसरा जागची हलली नाही.

५

गुरुवारी सकाळी साक्षी स्कूटीवर आसेगावला गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सोयाबीन काढणं चालू होतं. थ्रेशरचा भुसा उडून तोंडावर येत होता. इंद्रभान ओसरीवर हरभऱ्याच्या बियाण्यातले खडे वेचत बसला होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा, ताठ, चष्मा नाही.

"जय भीम, आबाजी."

"जय भीम, माय. पाण्यात काय निंघालं आमच्या?"

"पाण्यासाठी नाही आली. चाचांना दिसत नाही हे तुमाले कधी समजलं?"

त्याची बोटं सुपात थांबली.

"दोन वर्षांआधी. त्यानं सांगतलं नाही. मी पत्रात त्याले एक शिवी लिवली होती, अशी की थो उलटून मले दहा देईन. त्यानं उत्तरात लिवलं, पत्र पोचलं, बरं वाटलं. अक्षर पोरीचं." तो थोडं हसला. "मग कायले लिवायचं? पोरीनं वाचून दाखवायच्या गोष्टी नोयत्या आमच्या."

"म्हणून रविवारी जाऊ लागले."

"हो."

साक्षीनं पुढचं एकामागून एक सांगितलं, प्रयोगवही वाचावी तसं. खाचा, चार फूट, सांधा, जोहरची वेळ. एका रविवारी पिशवीत रीळ गेलं, पुढच्या रविवारी बोंडअळी आली.

"सगळं बरोबर," इंद्रभान म्हणाला. "पण एक सांग मले. माह्याच पिक्चरचा शेवट मी कायले चोरीन? अडतीस वर्षं लोकं ज्याच्यासाठी हळहळले?"

"थे मले नाही समजलं," साक्षी प्रामाणिकपणे म्हणाली.

इंद्रभान उठला. आतून धान्याच्या कोठीचं झाकण काढल्याचा आवाज आला. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात फिल्मची गुंडाळी होती. त्यानं तिचा मधला भाग उलगडून साक्षीच्या हातात दिला.

"उजेडाकडं धर. वरून खाली पाय."

साक्षीनं फिल्म आभाळाकडं धरली. लहान लहान चित्रं, एकाखाली एक. पाण्याची उंच टाकी. कठड्यावर पिवळे हातमोजे घातलेला माणूस. पुढच्या चित्रात त्याचे पाय कठड्यावर नव्हते. त्यापुढच्यात कमरेचा दोर वळवळत वर राहिला होता आणि माणूस थोडा खाली होता. मग आणखी खाली. आणखी.

त्याच्या अंगाखाली जमीन येत होती आणि दोर कुठंच बांधलेला नव्हता.

"हा नट नाही," ती म्हणाली.

"नाही. रूपला. मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचा. उड्या सगळ्या त्याच्याच होत्या." इंद्रभान खाली बसला. "पंचनाम्यात माही सही हाये. दोर बांधता बांधता पडला, कॅमेरा चालू नव्हता, असं लिवलं त्यात. कॅमेरा माह्याच हातात होता."

६

त्यानं गोष्ट सलग सांगितली, स्वतःला कुठं सूट न देता. रूपलानं वर चढून खाली ओरडून दुसरा दोर मागितला होता. आकडा ढिला वाटते म्हणाला. सूर्य उतरत होता. त्या उजेडासाठी इंद्रभान चार दिवस थांबला होता. तो खालून म्हणाला, सूर्य थांबत नाही, मार उडी. रूपला तिसऱ्या दिवशी अकोल्याच्या दवाखान्यात वारला.

"अन् तुमी थो शॉट ठेवला," साक्षी म्हणाली.

"ठेवला. छत्तीस वर्षांचा होतो. एवढा खरा शॉट कोणाजवळ नाही, असं वाटलं मले. वीजधर आपली वीज गावाले देऊन टाकते अन् माणसासारखा पडते, असा शेवट. चित्र जोडलं, अन् ट्रायल लावली. तंबूत मी अन् नानाजी. केबिनीत इब्राहीम. पिक्चर संपला, नानाजी उठले, एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी मले काढलं." त्यानं फिल्म गुंडाळायला घेतली. "त्यायनं तोंड उघडलं असतं तर मी आत गेलो असतो. थे गप राह्यले. लोकं त्यायले काय काय बोलले, तरी गप. अन् मी लोकायले बोलू देलं."

"आता काहून काढलं रीळ?"

"मानोऱ्याच्या शोले पहिल्या खुर्चीवर कमलीबाईले बसवणार हायेत. रूपलाची बायको. सतीशनं छापून टाकलं कार्डावर. मले वाटलं, पुण्यावाले म्हणतीन, डब्यात पहिल्यापासून अळीच होती, बुढ्ढ्यायले भास झाला. विषय संपला. थ्या वासावरून ताजा सांधा पकडतीन, इब्राहीमवर जाईन, हे ध्यानातच आलं नाही."

"चाचा गप बसले हायेत, आबाजी. सतीशभाऊ उद्या ठाण्यात जातीन. चाचा तरी बोलत नाहीत."

"त्याले काय माहीत बोलायले?"

"केबिनीतून पडदा त्यायलेच सगळ्यात नीट दिसत होता."

इंद्रभानच्या हातातली गुंडाळी सुटली. ओसरीवरून गडगडत ती अंगणात गेली आणि फिल्म मागं लांब पसरत राहिली. छत्तीस वर्षं दर महिन्याला पत्र, आणि दोघांपैकी एकानंही ती गोष्ट लिहिली नव्हती.

त्यानं टोपी डोक्यावर ठेवली. "चाल. स्कूटीवर बसता येते मले."

७

कृषी केंद्रात इंद्रभाननं सगळं उभ्यानंच सांगितलं. चाचांना यूसरानं आणलं होतं. सतीश ऐकत ऐकत खताच्या पोत्यांवर बसला. एक शेतकरी फवारणीचं औषध मागायला आला, तसाच परत गेला.

"बाप गेला माहा, तवा मसणात एक जण म्हणला, पिक्चर मारणारा गेला," सतीश म्हणाला. "मी ऐकलं. तुमी बी होते तथी, इंद्रभानकाका. माह्या बाजूले."

"होतो."

"एक शब्द बोलता आला नाही तुमाले?"

"नाही बोललो."

सतीश उठून चाचांपुढं गेला, हात पुढं केला आणि थांबला. साक्षीनं आल्या आल्याच त्याला चाचांच्या डोळ्यांचं सांगितलं होतं. त्यानं स्वतःच चाचांचा हात उचलून दोन्ही हातांत धरला.

"चाचा, मी काय काय बोललो तुमाले."

"बोलला. पण पोट्ट्या, तुह्या बापापेक्षा कमीच बोलला."

इंद्रभान त्याच दिवशी ठाण्यात गेला आणि जबाब लिहून दिला. तिथल्या हवालदाराचा जन्म त्या पंचनाम्यानंतरचा होता. त्यानं कागद दोनदा वाचला, साहेबांना दाखवतो म्हणाला आणि म्हाताऱ्याला पाणी दिलं.

मग राहिली कमलीबाई.

तांड्यावर ती ज्वारीला पाणी सोडून नुकतीच आली होती, पाय चिखलानं भरलेले. इंद्रभाननं तिच्यापुढं बसून सांगितलं. दुसरा दोर, सूर्य, कॅमेरा. सांगून झालं तेव्हा ती उठून आत गेली, आणि सगळ्यांना वाटलं की आता ती येत नाही. ती पाय धुऊन आली.

"मले तवाच सांगा लागत होतं," ती म्हणाली. "पोरगं चार महिन्याचं होतं माहं. लोकं म्हणत, पिऊन चढला असन. मी बी कधी कधी तसंच म्हणलं." मग ती थांबली. "पिक्चरमध्ये दिसते का थो?"

"पडताना दिसते, कमलीबाई. थे रीळ जाळून टाकू म्हणशीन तर आत्ता जाळतो."

"पडला थे मले ठाऊक हाये. चढला कसा, थे मी पायलं नाही. मी तवा ऊसतोडीले गेलती. माह्याजवळ त्याचा फोटोबी नाही."

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पल्लवी पुण्याहून स्वतः आली, साफ केलेलं रीळ लॅपटॉपवर घेऊन. तांड्यावरच्या समाजमंदिरात टेबल मांडलं. समोर कमलीबाई आणि तिचा मुलगा, मागं सतीश, यूसरा आणि साक्षी. चाचांना खुर्ची दिली. लॅपटॉपशी इंद्रभान बसला. कोणतं बटण दाबायचं ते पल्लवीनं त्याला शिकवलं होतं.

चित्र सुरू झालं. आवाज कधी भरलाच नव्हता. रूपला शिडी चढत होता, भराभर, माकडासारखा. मध्येच एका हातानं लोंबकळून त्यानं खाली कोणाला तरी वाकुल्या दाखवल्या आणि कमलीबाईचा मुलगा, जो बापाच्या वयापेक्षा आता मोठा होता, पुढं सरकला. रूपला टाकीवर पोचला. दातानं धरून त्यानं पिवळा हातमोजा वर ओढला. कठड्यावर उभा राहिला. मागं सगळं आभाळ तांबडं.

"थांबव," कमलीबाई म्हणाली.

इंद्रभाननं बटण दाबलं. रूपलाची एक टाच उचललेली होती.

"मांगं घे जरासा."

त्यानं चित्र एकेक करून मागं नेलं. टाच खाली आली.

"अथी. अथीच संपव तुहा पिक्चर."

इंद्रभाननं पल्लवीकडं पाहिलं. तिनं वहीत चित्राचा नंबर लिहून घेतला. पुढचं काही दाखवायचं नाही, इंद्रभान म्हणाला, आणि नावांच्या पाटीत आधी रूपलाचं नाव टाका, मग नानाजींचं, शेवट त्यांनी रोखला होता असं लिहून.

चाचांनी खुर्चीतून मान वळवली.

"मले दिसत नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "कोणी सांगा ना. काय हाये तथी?"

यूसरानं तोंड उघडलं, पण कमलीबाईच बोलली.

"उभा हाये, चाचा," ती म्हणाली. "नुस्ता उभा हाये."